व्हय म्हणायची जागा

वॉर्ड ऑफिसात आपण तोंड उघडायचं नाही, असा नियम श्यामकांत प्रधानांनी स्वतःला घालून घेतला होता. नियम चांगला होता की नुसता सोयीचा, हे त्यांचं त्यांनाही कधी नीट कळलं नाही. तीस वर्षं त्यांनी एका शाळेच्या ग्रंथालयात काढली होती आणि तिथे गप्प बसण्याचाच पगार मिळत होता.

मुलुंडच्या डोंगरउतारावर पाऊणशे घरांची वस्ती होती. माणसं सगळी सावंतवाडी-कुडाळकडची. पुरुष पूर्वी गिरणीत होते. संपानंतर कुणी वॉचमन झालं, कुणी फॅक्टरीत हमाली करू लागलं. वस्तीला नळ एकच, तोही टेकडीच्या पायथ्याशी, रस्त्याला लागून. पाणी सकाळी दीड तास. बायका हंडे घेऊन वर चढायच्या. पायऱ्या किती, ते कुणी मोजलं नव्हतं. जानकी परब म्हणायची, मोजल्या तर चढवणार नाहीत. गेल्या श्रावणात तिची जाऊ भरल्या हंड्यासकट घसरली आणि खुब्यातून मोडली. तेव्हापासून जानकी दोन घरांचं पाणी भरत होती. निम्म्या चढावर एक पिंपळ होता. तिथपर्यंत नळ यावा, एवढंच वस्तीचं मागणं.

ते मागणं टेकडीखाली राहणाऱ्या प्रधानांनी वस्तीच्या वतीने तीन वर्षांत सतरा अर्जांत लिहिलं होतं. अक्षर सुरेख, भाषा त्याहून. सतरांपैकी एकालाच कामाचं उत्तर आलं. पाणीखात्याने कळवलं होतं की पिंपळाच्या उंचीपर्यंत पाण्याचा दाब पुरतो, पुढचा निर्णय वॉर्डाने घ्यावा. वॉर्डाने काही घेतला नाही. पुढे प्रधानांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला, गुडघे बोलू लागले, आणि त्यांना रात्रंदिवस एकच घोर लागला. आपण उद्या नसलो तर या लोकांचा अठरावा अर्ज कोण लिहील? तीन वर्षं आपण यांना मदत केली की यांची बोलती बंद केली?

मग त्यांनी दर रविवारी पिंपळाखाली वर्ग सुरू केला. अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा, प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का का मागून घ्यायचा, साहेब ‘बघतो’ म्हणाले की तारीख कशी विचारायची. लोक येत, ऐकत, माना डोलावत आणि शेवटी म्हणत, “तुमीच लिवा मास्तर, तुमचा अक्षर बरा.”

बोलायला उभं कुणी राहायचं, हा खरा प्रश्न होता. सगळ्यांनी धाकू गावड्यांकडे बोट दाखवलं. शिमग्याला आणि गणपतीच्या वेळी पिंपळाखालच्या पाषाणापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. धाकूभाऊंनी देवाला एकेक दुखणं सांगायचं आणि मागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय महाराजा’ म्हणून साथ द्यायची, ही कोकणातली रीत त्यांनी टेकडीवर जशीच्या तशी आणली होती. देवापुढे धाकूभाऊंचा आवाज खणखणीत. पण प्रधान खुर्चीत साहेब होऊन बसले की त्याच धाकूभाऊंची जीभ टाळूला चिकटे. टोपी काढत, पुन्हा घालत, आणि “तुमका म्हायतच आसा सायबानू” म्हणून खाली बसत.

तीन रविवार असे वाया गेल्यावर प्रधानांना वाटलं, आपल्याला युक्ती सुचली. ते खुर्चीवरून उठले, बाजूला झाले आणि म्हणाले, “धाकूभाऊ, साहेबाला विसरा. गाऱ्हाणं घालता तसंच घाला.” आणि काय सांगावं, धाकूभाऊ अर्धा तास थांबले नाहीत. जानकीच्या जावेचा खुबा, पाण्यावरून झालेली भांडणं, बाळंतिणीने चढवलेली कळशी, सगळं आलं. मागून व्हय महाराजाचा गजर. प्रधानांना त्या दिवशी घरी जाताना गुडघे दुखलेले जाणवले नाहीत. त्यांची पत्नी उत्तरा म्हणालीसुद्धा, आज स्वारी कधी नव्हे ती गुणगुणते आहे.

भेटीची वेळ शुक्रवारी अकराची मिळाली. वीसेक माणसं गेली. साहेब चाळिशीतले, चेहऱ्यावरून जागरण झाल्यासारखे, टेबलावर फायलींचे तीन ढीग. वाईट माणूस नव्हता. त्याने धाकूभाऊंना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. प्रधान दाराशेजारच्या कपाटाला टेकून उभे राहिले. पिशवीत सतरा अर्जांच्या प्रती होत्या आणि पाणीखात्याचं ते पत्र.

धाकूभाऊ उत्तम बोलले. साहेबांनी पेन खाली ठेवलं. मागून हलक्या आवाजात, पण एकदिलाने, व्हय, व्हय, असं येत राहिलं. टायपिस्ट मुलगी थांबून ऐकू लागली.

मग साहेब बोलू लागले. ऐकलेल्याचा परिणाम म्हणा की काय, तेही सावकाश, एकेक वाक्य तोलून बोलले. तुमचे हाल मोठे आहेत. आयाबहिणींचा त्रास कमी झाला पाहिजे. मागच्यांनी म्हटलं, व्हय महाराजा. पाणी वर चढवायचं तर जोर लागतो. व्हय महाराजा.

“तेव्हा वर पाइप नेण्याऐवजी खाली रस्त्यालगतच दुसरा नळ दिला, म्हणजे रांग मोडेल आणि तुमचं समाधान होईल.”

“व्हय महाराजा,” वीस गळ्यांनी म्हटलं. धाकूभाऊंनी तर हात जोडले.

साहेबांनी कारकुनाला सांगितलं, लिहा, रहिवाशांना मान्य. टिपण सोमवारी टाइप होईल, पाच जणांनी येऊन सह्या-अंगठे करावेत, म्हणजे फाइल बंद करता येईल.

पत्र पिशवीत होतं. दोन पावलं पुढे जायचं आणि ते टेबलावर ठेवायचं, एवढंच. प्रधानांनी तोंड उघडलं. नियम आठवला. यांचं यांनीच बोललं पाहिजे, असं स्वतःला सांगितलं, आणि सांगत असतानाच हातापायांना सुटलेला कंप त्यांना जाणवला. हा कंप तत्त्वाचा नव्हता. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत सुटला होता तोच तो. तोवर साहेब दुसऱ्या फायलीकडे वळले होते.

बाहेर आल्यावर कुणाला काही उमगलं नव्हतं. नळ मिळाला म्हणून दोघा-तिघांनी प्रधानांचे हात धरले. जानकी मात्र फाटकाशी उभी राहून बोटांवर काहीतरी जुळवत होती. खाली नळ आहेच. दुसराही खालीच. मग चढायचं कुणी?

ती प्रधानांच्या समोर आली. “मास्तर, तुमका कळला होता?”

“हो.”

“मगे गप कित्याक रवलात?”

तुम्ही स्वतः बोलायला शिकावं म्हणून, असं उत्तर त्यांच्याजवळ तयार होतं. ते त्यांनी दिलं नाही. “भ्यालो,” ते म्हणाले.

जानकी रागावली नाही, हसलीही नाही. “आमका वाटला, भिवाचा काम फकत आमचाच,” एवढंच म्हणाली.

शनिवारी प्रधानांनी अठरावा अर्ज लिहिला. चार पानं. साहेबांच्या प्रस्तावामुळे गैरसमजातून संमती दर्शवली गेली असून वगैरे. रविवारी गुडघे धरत पिंपळापर्यंत चढले. वर्गाला गर्दी होती, पण गप्पगप्प. धाकूभाऊ तोंड फिरवून बसले होते. देवाचे शब्द आपण ऑफिसात वापरले म्हणून हे झालं, असं त्यांनी मनात घेतलं होतं. प्रधान त्यांना म्हणाले, युक्ती माझी, पाप माझं. धाकूभाऊ म्हणाले, “तुमचा कसला पाप. व्हय आमी म्हटला.”

वर पाणी चढतं, असं पाणीखात्याच्या पत्रातच लिहिलंय, हे सांगून प्रधानांनी चार पानं पुढे केली. जानकीने ती हातात घेतली, चाळली, आणि परत दिली. “ह्यातला माका वाचूक येवचा नाय. सायबान इचारल्यान तर काय सांगू? ता पाणीखात्याचा एक पान द्या. आणि तेच्यात दाब पुरता ता खय लिवलाहा, थंय बोट ठेवून दाखवा.”

त्यांनी दाखवलं. दुसऱ्या परिच्छेदातली तिसरी ओळ. ती ओळ त्यांनी तिला पाच वेळा वाचून दाखवली. सहाव्यांदा तिने स्वतः म्हटली, तोंडपाठ. मग तिने त्या ओळीखाली कुंकवाच्या बोटाने रेघ ओढली. प्रधान पुस्तकाला कधी डाग लावू न देणारे, पण गप्प राहिले. या वेळचं गप्प राहणं बरं वाटलं.

सोमवारी तुम्ही येऊ नका, असं तिने सांगितलं. ते गेले नाहीत, पण घरातही बसवेना. टेकडीच्या पायथ्याशी, कोरड्या नळाजवळच्या दगडावर, अकरापासून बसून राहिले. खिशात चार पानं होती. दीडच्या सुमाराला पाचही जण आले. उन्हाने काळवंडलेले, घाई नसलेले.

हकीगत धाकूभाऊंनीच सांगितली. साहेबांनी टिपण पुढे केलं. जानकीने अंगठा देण्याऐवजी पत्र ठेवलं आणि कुंकवाच्या रेघेवर बोट. साहेब चिडले, परवा हो म्हणालात आणि आज नाही म्हणता, सरकार म्हणजे खेळ वाटतो का? जानकी म्हणाली, परवा आमचं चुकलं, आज तुमचं चुकू नये म्हणून आलो. साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. शेवटी इंजिनिअरने जागा पाहावी, असा शेरा मारला. पुढच्या महिन्याची बारा तारीख. शेऱ्याच्या प्रतीवर शिक्का मागून घेतला होता. ती प्रत जानकीने पदराच्या गाठीतून काढून दाखवली.

नळ नव्हता. एक तारीख होती. प्रधानांनी अशा अकरा तारखा पाहिल्या होत्या.

“माझी चौकशी केली का कुणी?” त्यांनी विचारलं, आणि विचारल्याबरोबर लाजले.

“नाय,” जानकी म्हणाली.

ते मान हलवत राहिले. थकवा पायांतून वर चढत होता, आणि त्याच्याबरोबर काहीतरी हलकंही, ज्याचं नाव त्यांना शोधावंसं वाटलं नाही. “इंजिनिअर येईल तेव्हा बोलणार कोण?”

“धाकूभाऊ गाऱ्हाणा घालतले. आमी व्हय खय म्हणाचा, ता आधी ठरवतलाव.”

“आणि नाही म्हणायचं असेल तर?”

“ता मी म्हणतलंय.” तिने चुंबळ डोक्यावर ठेवली आणि सकाळी नळाशी भरून ठेवलेला हंडा उचलायला वाकली. “तुमी बसा मास्तर वायच. चढ तुमच्यान व्हवचो नाय.”

ती चढू लागली. तिच्या मागे धाकूभाऊ, मग बाकीचे. प्रधान दगडावर बसून होते. पिंपळापाशी जानकी थांबली, हंडा दुसऱ्या बाजूला घेतला, आणि पुढे गेली. वरचा निम्मा चढ अजून होता.