हाय, खाडी!

मी सेल्फीची चौकट बोलतेय. हो, तीच, मधे भलंमोठं भोक असलेली. नाक मुरडू नका, त्या भोकात तुम्हीही कधीतरी दात काढून उभे राहिला असाल.

रबाळ्याच्या एका कारखान्यात सनबोर्ड कापून मला घडवलं आणि कपाळावर निळी अक्षरं चिकटवली, 'हाय, खाडी!' बेलापूरला खाडी वाचवायची परिषद होती ना, म्हणून खाडीला इंग्रजीतून नमस्कार! तेव्हा मला स्वतःचं कोण कौतुक वाटलं.

खेळ सोपा होता. माझ्यात उभं राहून फोटो काढायचा, खाली आपला प्रश्न लिहून टाकायचा. सर्वांत जास्त लाईक मिळालेला प्रश्न मंचावर प्रदूषण खात्याच्या साहेबांना विचारणार. ज्यांना फोनचं जमत नाही त्यांच्यासाठी नमिता नावाची मुलगी माझ्याजवळ उभी होती.

दुपारी जाईबाई आल्या. ऐरोलीजवळच्या कोळीवाड्यातल्या, उभा जन्म खाडीवर काढलेल्या. दोन महिने त्यांच्या जाळ्यात नुसता काळा गाळ येत होता. हे काळं पाणी कोण सोडतं, एवढंच विचारायला त्या बाजार सोडून आल्या होत्या.

नमिताने माझी अक्षरं वाचून दाखवली. जाईबाईंच्या बोलीत 'हाय' म्हणजे 'आहे'. मला हातात धरून त्या म्हणाल्या, "खाडी हाय? कुठं हाय गो? मना तं दिसत नाय."

नमिताला हसू आवरेना. तिने तेच वाक्य फोटोखाली टाकलं. काळ्या पाण्याचं नंतर लिहू म्हणाली, पण रांग वाढली आणि ते राहूनच गेलं.

लाईकचा पाऊस पडला. मंचावरून ते वाक्य वाचलं तेव्हा सगळं सभागृह खदखदून हसलं. 'गोड आजी' म्हणून जाईबाईंना शाल दिली, साहेबांनी हात जोडले आणि सगळे चहाला उठले. जाईबाई माईककडे बघत उभ्या राहिल्या. तो त्यांना कोणी दिलाच नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी कचऱ्यातच जाणार होते, पण जाईबाईंनी मला मागून घेतलं आणि घरी नेलं. आता कोळीवाड्यात, पालथ्या होडीला टेकून उभी आहे. माझ्या भोकातून काळं पाणी दिसतं.

कधी इकडे आलात तर माझ्यात उभं राहून हसू नका. आरपार बघा, आणि जाईबाईंचा राहून गेलेला प्रश्न कोणाला तरी विचारा. जरा लवकर या. उन्हाने माझी अक्षरं सुटू लागलीत. 'हाय' गेल्या आठवड्यातच गळून पडला. नुसती 'खाडी' उरलीय.