पोलोनिनेवरचं भांडण

डोंगरमाथ्यावरच्या कुरणाला हुत्सुल या डोंगरी जमातीचा माणूस पोलोनिना म्हणतो. हा शब्द आला कुठून, यावर पंडितांचं एकमत नाही. हाफिया आणि तनासी या नवराबायकोचं तर लग्नापासून नाही. हाफिया निवृत्त शिक्षिका. तिचा गावबोलीचा कोश छापायला निघाला होता आणि नेमकी हीच नोंद अडली होती. म्हणून कागद घेऊन ती चार तास चढून नवऱ्याकडे वर आली.

तनासी तिथला मुख्य मेंढपाळ. सत्तरी उलटली तरी गाव मेंढ्या त्याच्याच हवाली करी, आणि त्या मानात म्हाताऱ्याचा जीव अडकला होता.

“दक्षिणेकडचे मेंढपाळ डोंगराला प्लानिना म्हणतात. त्याचंच हे भावंड,” हाफिया म्हणाली.

“कधी मेंढीचं दूध काढलंयस? पोलोनिना म्हणजे ओसाड, रिकामी जागा. चल, दाखवतोच!”

हाताला धरून त्याने तिला थेट माथ्यावर नेलं. “दिसतंय एक तरी झाड?”

“रिकामी कसली रे? तीनशे मेंढ्या चरतायत!”

तेवढ्यात पावसाची सर आली. कड्याच्या आडोशाला भांडणाला चांगलाच रंग चढला. परत येऊन पाहतात तो झोपडीतला विस्तव विझलेला, राख गार.

तनासी मटकन खाली बसला. कळप वर आला की पहिल्याच दिवशी लाकडावर लाकूड घासून जिवंत विस्तव काढायचा आणि शरदात खाली उतरेपर्यंत तो जपायचा. तो विझू देणाऱ्याला पुढच्या वर्षी मेंढ्या कोण देणार?

“माझ्याकडे काडेपेटी आहे,” हाफिया हळूच म्हणाली. “कुणाला कळतंय?”

“मला कळेल ना गं.”

गडी कळपामागे लांब गेलेले. लाकडाला गुंडाळून ते फिरवायच्या दोरीचं दुसरं टोक धरणारं कुणी नव्हतं, आणि बाईने ती धरायची नसते. हाफियाने धरली. ज्वाळा दिसेपर्यंत शब्द काढायचा नाही, हा दंडक. दोघं ओढत राहिली. तिच्या तळव्यांना फोड आले, त्याला धाप लागली. तिच्या मनात आलं, याला काही झालं तर मी भांडू कुणाशी? तरी ती बोलली नाही. तासाभराने धूर निघाला, मग ज्वाळा. तनासीने तिचे हात आपल्या हातात घेतले आणि लहान मुलासारखा रडला.

रविवारी मेंढ्यांचे मालक आले. तनासीने काही लपवलं नाही. सगळ्यांत वडीलधारा इलाश कपाळाला आठ्या घालून ऐकत होता.

“विस्तव विझला. वरून बाईने दोरी ओढली.”

“हो.”

“आणि ज्वाळा येईपर्यंत तुम्ही दोघं गप्प? हाफियाबाईसुद्धा?”

“तासभर.”

इलाशने टोपी काढून चुलीला नमस्कार केला. “मग हाच खरा विस्तव. पुढच्या वसंतात माझ्या वीस मेंढ्या जास्त धर, तनासीदादा.”