पहार खाल्लेला चार्जर

मित्रांनो, मी विजेच्या गाड्यांचा एक जुना चार्जर आहे. गेल्या आठवड्यात दोन सख्ख्या भावांनी मिळून मला पहारीने फोडले.

तसे काही झालेले नाही. या घरात असे ठरले आहे की माझ्यावर खार पडली. कोणी विचारले की सगळे "खार पडली" म्हणतात आणि विषय बदलतात. एका पाहुण्याने विचारले, एवढी मोठी खार होती का? तेव्हा घरातल्या काकू म्हणाल्या, "दोन होत्या." म्हणून मीही खारच सांगतो, पण पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. माणसाच्या बाळाला जन्मल्यावर पाठीवर चापट मारतात, आम्हाला पोलादी हातोड्याने मारतात. मग पाण्याचा फवारा, मग भट्टी, मग तार ओढून ओढून बघतात. माझ्या शेजारचा भाऊ हातोड्याखालीच गेला. मी वाचलो, म्हणून माझ्यावर "उत्तीर्ण" असा शिक्का बसला. पुढे भिंतीला भोके पाडून मला या घराबाहेर ठोकण्यात आले. आयुष्यभराचा मार एकदम खाऊन झाला, आता सुखाचे दिवस, असे मला वाटले. मी तेव्हा अगदीच नवा होतो.

घर एकच, पण मधोमध वाटलेले. उजवा अर्धा थोरल्या भावाचा. ते दंतवैद्य. पुढच्या खोलीत त्यांचा दवाखाना, आणि मी त्यांच्याच मालकीचा, दवाखान्याच्या खिडकीला अगदी लागून. डावा अर्धा धाकट्या भावाचा. ते विजेवरची गाडी भाड्याने चालवतात. अंगण सामाईक. बोलणे मात्र बंद.

कारण असे की डॉक्टर शिकाऊ होते तेव्हा त्यांनी धाकट्याचा किडलेला दात काढायला घेतला आणि शेजारचा धडधाकट दात काढला. डॉक्टर आजही म्हणतात, तोच काढायचा होता. किडलेल्या दातावर पुढे दुसऱ्याच दंतवैद्याने टोपी बसवली आणि तो टिकला. डॉक्टरांना ते फार लागले. मग वाद, मग पाठ फिरवणे, मग अबोला. त्या अबोल्याने आता चांगले बाळसे धरले होते.

धाकट्यांच्या अर्ध्यातली वायरिंग जुनी आणि बारीक. तिथे गाडी लावली की घरातले दिवे माना टाकत. बाहेरचे चार्जर लांब, आणि तिथे रांगेत शर्टाच्या बाह्या फाटत. "त्याच्यापुढे तोंड उघडून चार्जर मागू? त्यापेक्षा माझा अर्धा विकतो आणि जातो कायमचा," असे ते आपल्या बायकोला, म्हणजे काकूंना म्हणाले. भिंत पातळ आहे. डॉक्टर आपल्या मुलीला म्हणाले, "गुंडी, तुझ्या काकांना सांग, खुशाल जा." आणि आत जाऊन एकच आरसा कितीतरी वेळ पुसत बसले.

गुंडी हे तिचे काकांनी ठेवलेले नाव. ती मोबाइलची अ‍ॅप बनवते. लहानपणी ती दोन्ही अर्ध्यांत जेवलेली आहे. घर विकले गेले असते तर तिचे अर्धे लहानपण परकी माणसे कपाटासकट घेऊन गेली असती. म्हणून तिने "शेजारधर्म" नावाचे अ‍ॅप बनवायला घेतले. आपला घरचा चार्जर शेजाऱ्याला वापरू द्यायचा, पण एकमेकांशी एक शब्द बोलायला लागू नये.

अ‍ॅप सोपे झाले की नाही, हे ती दवाखान्याच्या पायरीवर बसून तपासायची. बधिर तोंडाचे पेशंट बाहेर आले की त्यांच्या हातात फोन द्यायची. त्यांना प्रश्न विचारता येत नसत. ज्याला "हे काय आहे" असे म्हणताही येत नाही, त्याला जमले म्हणजे सगळ्या जगाला जमेल, असा तिचा हिशोब. एकाला जमले नाही, त्याने फोन कुंडीवर आपटला. गुंडीने ते बटण मोठे केले. दुसऱ्याने बटण दाबता दाबता फोनभर लाळ गाळली. गुंडीने ते बटण आणखी मोठे केले. अशा रीतीने लोकांच्या वेदनेतून हे अ‍ॅप उभे राहिले.

पहिल्या दिवशी त्यात निरोप लिहायची जागा होती. धाकट्यांनी गाडी लावून लिहिले, "गाडी लावली. मालकांना कळवा, दात मोजून ठेवलेत." डॉक्टरांनी लिहिले, "त्यांना सांगा, अक्कल मोजायला घेतली असती तर लवकर उरकलं असतं." संध्याकाळी गुंडीने ती जागा काढून टाकली. आता तीनच बटणे राहिली: "लावली", "काढली" आणि "धन्यवाद". धन्यवाद दाबले की समोरच्याच्या फोनवर गोड घंटा वाजे.

"आता कसं भांडतील?" ती काकूंना म्हणाली.

"तू ह्यांना ओळखत नाहीस," काकू म्हणाल्या.

थोडे दिवस मात्र खरेच चांगले गेले. माझ्या तारेच्या टोकाला मुठीचा जोड आहे, त्याला गन म्हणतात. धाकटे ती गन पुसून जागेवर ठेवत. कोणाचे लक्ष नाही असे बघून डॉक्टरांनी माझ्यावर पत्र्याचे छप्पर ठोकले. गल्लीतली माणसे येऊन माझे कौतुक करत. घर विकायची गोष्ट निघेनाशी झाली.

मग धाकट्यांच्या लक्षात आले की धन्यवाद कितीही वेळा दाबता येतो.

डॉक्टर एका पेशंटची दाढ कोरत होते. घंटा वाजली. पुन्हा वाजली. मग वाजतच राहिली. डॉक्टरांचा हात हलला, यंत्र पेशंटच्या जिभेला लागले, आणि पेशंटने डॉक्टरांचे बोट कडकडून चावले. आधीच्याच खेपेला त्याच्या दाढांत डॉक्टरांनी चांदी भरली होती. काम पक्के होते.

रक्ताळलेल्या बोटाने डॉक्टरांनी फोन घेतला आणि गाडीचे चार्जिंग बंद केले. मालकाला एका बोटात बंद करता यावे, ही सोय गुंडीनेच ठेवली होती. वर त्यांनीही धन्यवाद दाबला.

घंटा ऐकून धाकट्यांना वाटले, गाडी भरली, आणि घाईत त्यांनी आकडा बघितलाच नाही. ते भाडे घेऊन निघाले आणि भर रस्त्यात गाडीने मान टाकली. मागच्या गाडीने ठोकले. आतल्या प्रवाशाची महत्त्वाची बैठक होती, त्याने धाकट्यांना आधी बॅगेने आणि मग बॅगेतल्या लॅपटॉपने मारले. दोरीला बांधून गाडी घरी आली, तेव्हा धाकट्यांचा एक कान दुसऱ्याच्या दुप्पट झाला होता.

ते अंगणात उभे राहिले आणि त्यांनी धन्यवादवर अंगठा ठेवला तो उचललाच नाही. आतून डॉक्टर दात उपटायची पक्कड घेऊन बाहेर आले. धाकट्यांनी डिकीतून जॅकचा दांडा काढला. गुंडीने धावत जाऊन माझी वीज बंद केली, म्हणून पुढचे सगळे मी जिवंत राहून पाहू शकलो.

अबोला असल्यामुळे मारामारीही मध्यस्थांमार्फत झाली.

"गुंडी," धाकटे म्हणाले, "तुझ्या बाबांना सांग, मी त्यांचा गळा दाबतोय."

"काका, त्यांना कळतंय ते!"

"काकूला सांग," डॉक्टर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तिच्या नवऱ्याने आधी माझा चष्मा सोडावा."

"अहो, सोडा की त्यांचा चष्मा!"

"त्याला सांग, पकडीतून माझं बोट सुटलं की सोडतो!"

"भाऊजी, पक्कड उघडा!"

डॉक्टरांनी पक्कड उघडली आणि दुसऱ्या हाताचा ठोसा लगावला. काहीतरी टणकन माझ्या पत्र्यावर आपटून खाली पडले. तो टोपी घातलेला दात होता. डॉक्टरांनी तो उचलला, उजेडात धरला आणि निरखला. धंद्याची सवय. पण ते मध्येच बघत थांबले म्हणून धाकट्यांना डोके त्यांच्या पोटात घालायला वेळ मिळाला. दोघे कुंड्यांवर पडले. चार कुंड्या गेल्या, एक बरगडी गेली. बरगडी कोणाची, यावर अजून एकमत नाही.

मग धाकट्यांची नजर माझ्याकडे वळली. "हाच मेला मूळ आहे सगळ्याचं!" म्हणून त्यांनी जॅकचा दांडा माझ्या तोंडावर मारला. मी हातोड्याची परीक्षा पास झालेला, मी टिकलो. ते बघून डॉक्टर उठले.

"त्याला सांगा, चार्जर माझा आहे. फोडायचा तर मीच फोडणार!"

ते पहार घेऊन आले. पहार जड, बोट चावलेले. एकट्याला उचलेना. तेव्हा धाकट्यांनी दुसऱ्या टोकाला हात लावला. कितीतरी वर्षांत दोघांनी मिळून केलेले हे पहिले काम. ते त्यांनी मन लावून केले.

दुसऱ्या दिवशी धाकट्यांनी घर विकायला काढले. भांडी, गाद्या, काकूंचे शिलाई मशीन, सगळे गाडीत कोंबले. आणि मग ध्यानात आले की गाडीत वीजच नाही. काकू गादीवर बसून हसायला लागल्या, ते हसणे पुढे रडण्यात गेले.

डॉक्टर खिडकीतून बघत होते. "गुंडी, सांग त्यांना," ते म्हणाले, "माझ्या खुर्चीच्या सॉकेटला जाड तार आहे. गाडी भरा म्हणावं आणि व्हा चालते." त्यांनी पेशंटच्या खुर्चीचा प्लग उपटला. गाडीबरोबर आलेली घरगुती तार खिडकीतून आत आली आणि लागली. साध्या सॉकेटवर गाडी फार हळू भरते. खुर्ची बंद, दवाखाना बंद. डॉक्टरांना काही काम नाही. तार गरम होते का, हे बघायला कोणीतरी बसायला हवे म्हणून धाकटे आत आले. बसायला ती एकच खुर्ची होती. सुजलेला गाल धरून ते तिच्यावर आडवे झाले.

गुंडी आणि काकू दोघीही अंगणात होत्या. निरोप न्यायला कोणी नव्हते.

"दुखतंय का?" डॉक्टर म्हणाले.

धाकट्यांनी आधी मागे बघितले, दुसऱ्या कोणाला विचारले की काय म्हणून.

"नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "हो."

"आ कर."

त्यांनी आ केला. डॉक्टरांनी टाके घातले. बोट चावलेले होते, तरी हात चुकला नाही. पुढे गाडी भरली, तेव्हा धाकट्यांचे तोंड बधिर होते आणि त्यांना निघतो असे म्हणता येईना. काकूंनी गाद्या उतरवून घेतल्या.

तेव्हापासून रोज दुपारी दवाखाना बंद असतो, तार खिडकीतून आत जाते आणि धाकटे खुर्चीवर पडून असतात. भांडतात. पण थेट भांडतात. काल त्यांनी डॉक्टरांना पाण्याचा पेला फेकून मारला आणि डॉक्टरांनी त्यांना स्वतःच्या तोंडाने शिवी दिली. मला भरून आले. माझ्यात भरण्यासारखे आता फारसे काही उरलेले नाही, तरी आले.

पण गुंडी हुशार मुलगी आहे. तिने नवा चार्जर मागवला आहे, माझ्या दुप्पट वेगाचा. गाडी लावा, निघून जा, आत यायला नको, बसायला नको. अ‍ॅपमधला धन्यवादही आता दिवसाला एकदाच दाबता येणार आहे. फिटर मंगळवारी येईल.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने लोक शेवटी तुम्हाला सांगतात की वस्तू जपा, मोडल्या तर दुरुस्त करा. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे, आणि ते मी संबंधितांना रीतसर कळवत आहे.

सबब विनंती की, अर्जदार चार्जर हा पूर्णपणे निकामी असून त्यास आहे त्याच मोडक्या स्थितीत भिंतीवर कायम करण्यात यावे. त्याची दुरुस्ती, बदली अथवा सुधारणा कोणत्याही सबबीखाली हाती घेऊ नये. मंगळवारी येणाऱ्या फिटरास फाटकावरूनच सन्मानपूर्वक परत पाठवावे. आणि दवाखान्याची खिडकी, थंडी, धूळ अथवा डास यांची तमा न बाळगता, पुढील आदेशापर्यंत उघडी ठेवण्यात यावी.