दाराबाहेरची आई

भाजलेल्यांच्या वॉर्डात एक रीत होती. लहान मुलाची पट्टी बदलताना त्याचे हात आईनंच धरायचे. परक्यानं धरलं की पोर जास्त घाबरतं, असं सिस्टरचं म्हणणं. म्हणायला काय जातं! रोज सकाळी चिमणीची आई लेकीचे हात गच्च धरायची, सिस्टर चिकटलेली पट्टी भिजवून सोलून काढायची आणि पाच वर्षांची पोर आईच्या डोळ्यांत बघून ओरडायची, "तू का धरतेस गं मला?"

घडलं होतं एवढंच, की उतरवताना आईच्या हातातल्या पातेल्याचा कान तुटला. अंघोळीचं कढत पाणी पोरीच्या पाठीवर सांडलं.

सासरे डबा घेऊन येत. माणूस लाखमोलाचा, पण सुनेनं मनातल्या मनात त्यांचं नाव 'देवाचे वकील' ठेवलं होतं. फी न घेता बाजू मांडणारे.

"सूनबाई, तू धरतेस ना पोरीला, तसंच देवही आपल्याला धरतो बघ. दुखतं, पण भल्यासाठीच."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी धरते बाबा, पण पातेलं मुद्दाम नाही सोडलं मी. त्याला म्हणे सगळं आधीच दिसतं. मग एक बोट लावायला काय झालं होतं त्याला?"

सासरे डब्याचं झाकण उघडत-लावत बसले. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

संध्याकाळी चिमणीनं आईला जवळ ओढलं. "उद्या तू नको धरूस. सिस्टर वाईटच आहेत, त्यांना धरू दे. तू बाहेर बस. तू पण वाईट झालीस तर चांगलं कोण राहणार?"

आईनं शब्द दिला.

सकाळी सिस्टरनं कपाळाला आठ्या घातल्या, पण दुसऱ्या नर्सला हाक मारली. दार बंद झालं. आई बाकावर बसली, शेजारी सासरे. पहिली किंकाळी आली तशी ती उठली, दाराला हात लावला, दिलेला शब्द आठवला आणि परत येऊन बसली. आतून नुसतं "आई, आई" चाललं होतं. तिचा जीव तीळतीळ तुटत होता. सासरे डोळे मिटून देवाचं नाव पुटपुटत होते.

"तोही असाच बाहेर बसतो का हो बाबा?" तिनं विचारलं.

त्यांचं पुटपुटणं थांबलं.

बऱ्याच वेळानं चिमणीला बाहेर आणलं. पट्ट्या नव्या, पांढऱ्याशुभ्र. ओरडून आवाज बसलेला. आईनं तिच्या केसांवरून हात फिरवला.

"तुला ऐकू येत होतं?"

"येत होतं, बाळा. सगळं."

चिमणीनं तो हात बाजूला सारला.

"मग आली का नाहीस?"

तूच नको म्हणालीस ना, हे आईच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं.