उत्तमरावांचे कान

उत्तमरावांचे कान हलत. दोन्ही, आणि वेगवेगळे. ही गोष्ट जगात फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होती, आणि ती कुणाला सांगणार नाही असं उत्तमराव एक्कावन्न वर्षं धरून चालले होते.

अकोल्याच्या एका वाचनालयात ते तेहतीस वर्षं ग्रंथपाल होते. मोठ्याने बोलणाऱ्यांना गप्प करायला शिपाई होता. उत्तमराव वहीत मान घालून बसत, आणि कपाटांमागे कुणी कुजबुजलं की त्यांचा त्या बाजूचा कान आपोआप तिकडे वळे. कुणाचं लग्न कुठे जमतंय, कोण बारावीला गचकलं, कोणत्या मास्तरांची बदली होणार, हे सगळं त्यांना गावाच्या आधी कळे. ऐकलेलं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. पण ऐकलं मात्र सगळं, आणि त्याची त्यांना फार लाज वाटे. म्हणून नोकरीभर ते कानटोपी घालून बसले. अकोल्याच्या मे महिन्यात कानटोपी घालणाऱ्या माणसाबद्दल लोक काय बोलले, तेही त्यांनी ऐकलंच होतं.

त्यांची नात वर्षाली अमरावतीला मानवशास्त्रात एम.एस्सी. करत होती. एका रविवारी ती गाल फुगवूनच घरी आली. तिला सेमिनार द्यायचा होता. विषय होता माणसाच्या अंगात उरलेले जुने, बिनकामाचे अवयव. शेपटीचं हाड, अक्कलदाढ, कान हलवणारे स्नायू वगैरे.

"वर्गातल्या त्या विपुलनं काकाची अक्कलदाढ बाटलीत घालून आणली," ती म्हणाली. "माह्याजवळ दाखवाले काईच नाई."

"काहून नाई?" उत्तमरावांची बायको इंदूबाई भाकर थापता थापता म्हणाल्या. "तुया आबाचे कान घेऊन जाय."

उत्तमरावांच्या हातातलं पुस्तक खाली पडलं.

"बाजूच्या घरी भांडण लागलं अन् आवाज बारीक झाला का त्याईचे कान कसे फिरतेत, पाह्यलं नाई का तू? मी तं लग्न झाल्यापासून पाहून राहिली. टोपीतूनई दिसते."

वर्षालीने ही बातमी सोमवारी वर्गात सांगितली आणि फसली. ढाकुलकर सर म्हणाले, "भुवया ताणून कान हलवणारे पुष्कळ असतात. आपोआप आवाजाकडे वळतात ते मांजराचे. माणसाचे वळत असतील तर समोर आणून बसव. नाही वळले तर हा सेमिनार रद्द, पुढच्या सत्रात नवा विषय." वर्षाली "आणते" म्हणून मोकळी झाली. वर्ग हसला.

बुधवारी सकाळच्या गाडीने आजोबा-नात निघाले.

"पोरी, नाई हलले तं?"

"हलतीन, आबा. आजी म्हन्ते ना."

"आजी एकटीच म्हन्ते. दुसरा साक्षीदार कोनी नाई."

मूर्तिजापूर येईपर्यंत उत्तमरावांना शंका आली की आपले कान कधी हललेच नसावेत, इंदूबाईंच्या चष्म्याचा नंबर चुकला असावा. बडनेऱ्याला उतरताना तर आपल्याला कान आहेत की नाहीत, इथपर्यंत मजल गेली. त्यांनी हात लावून पाहिलं. होते.

वर्गात बत्तीस मुलं होती. भिंतीवर माणसाच्या उत्क्रांतीचा तक्ता होता. पाच जण ओळीने चाललेले, पहिला पार वाकलेला, चौथा जाड भुवईचा निअँडरथल, शेवटचा ताठ. त्याच्यासमोर खुर्ची मांडून उत्तमरावांना बसवलं. सरांनी दोन्ही कानांच्या टोकांवर स्केचपेनने ठिपके काढले आणि स्वतः पट्टी घेऊन बाजूला उभे राहिले.

"हलवा, आजोबा."

उत्तमरावांनी जोर लावला. भुवया वर गेल्या. नाक हललं. टाळू मागे सरकली, हनुवटी पुढे आली आणि डावा पाय चपलेतून निघाला. सर मोठ्याने बोलत वहीत लिहीत गेले, "भुवया, होय. नाक, होय. पाय, होय. कान, नाही."

"सर, ते मुद्दाम हलत नाईत," वर्षाली म्हणाली. "आवाजानंच हलतेत."

सरांनी डस्टर टेबलावर आपटलं. किल्ल्या वाजवल्या. शिपायाला बोलावून तासाची घंटा वाजवून घेतली, त्यामुळे शेजारचा वर्ग सुटला. शेवटी शास्त्राशी प्रामाणिक राहून सर उत्तमरावांच्या कानाशी मांजरासारखे ओरडले. ठिपके जागचे हलले नाहीत. मोठ्या आवाजाचं खातं शिपायाकडे, हे त्या कानांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की तसल्या आवाजाची ते दखलच घेत नसत.

वर्षाली खाली मान घालून उभी होती. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. लहानपणी पाटी फुटली तेव्हाही असाच झाला होता. जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं उत्तमरावांना वाटत होतं, तेवढ्यात मागच्या बाकावर कुणीतरी कुजबुजलं.

उजवा कान वळला.

"ओ मा," पुढच्या बाकावरची पोरगी म्हणाली. "फिरला ना बाप्पा."

पट्टीवर अडीच मिलिमीटर भरले. सरांनी चष्मा पुसला. "योगायोग असू शकतो," ते म्हणाले. "आवाज ऐकून वळला असेल, तर आजोबांना शब्दही कळले असतील. काय ऐकलंत?"

उत्तमरावांना ती कुजबुज शब्दन्‌शब्द कळली होती, तीच तर अडचण होती. तेहतीस वर्षांत कपाटामागचं एक वाक्य त्यांनी बाहेर नेलं नव्हतं. आणि नेमकं हे वाक्य.

"नाही ना सांगता येत?" सर म्हणाले. "वर्षाली, मग नवा विषय शोध."

वर्षालीने वही मिटली.

"सांगतो," उत्तमराव म्हणाले. त्यांनी वाचनालयातली सगळ्यात सभ्य भाषा काढली. "त्या भिंतीवरच्या तक्त्यात डावीकडून चौथे जे गृहस्थ आहेत, त्यांची भुवई आणि आपली भुवई... म्हणजे साम्य आहे, असं एक मत व्यक्त झालं."

"शब्द सांगा, आजोबा. नेमके शब्द."

उत्तमरावांनी डोळे मिटले. "'सर तं त्या निअँडरथलचे मधातले भाऊ दिसून राहिले बे.'"

सर तक्त्यापाशी गेले. चौथ्या गृहस्थांकडे पाहिलं. मग दोन बोटांनी स्वतःच्या भुवईवरचं हाड या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपलं.

"कोण म्हणालं?"

"ते नाही सांगणार," उत्तमराव म्हणाले. "वाक्य सांगितलं, माणूस सांगत नाही."

पण आरती नावाची मुलगी आपणहून उठून उभी राहिली. तिचा चेहरा परीक्षेत कॉपी पकडल्यासारखा झाला होता.

"एकोणीस वर्षं," सर म्हणाले, "मी भुवईचं हाड शिकवतो आहे. मुलं एकच विचारतात, परीक्षेला येणार का. रोज हे हाड घेऊन त्यांच्यासमोर उभा राहतो, आणि आज पहिल्यांदा कुणी बघितलं." त्यांनी कपाटातून कवटी मोजायचा कॅलिपर काढून तिच्या हातात दिला. "ये इकडे. मोज."

आरतीने मोजलं. सरांनी आकडा वहीत टिपला आणि तो जरा जास्त आल्याने ते उघड खूश झाले. मग म्हणाले, "आता आजोबांचं एकदा नीट नोंदवू. सगळ्यांनी कुजबुजा. काहीही."

बत्तीस जण एकदम कुजबुजायला लागले. उत्तमरावांचा उजवा कान खिडकीकडे गेला, डावा फळ्याकडे, मग दोन्ही उलट, मग पुन्हा. ठिपके नुसते नाचत होते. वर्षाली आकडे लिहून घेत होती आणि तिला हसू आवरत नव्हतं. उत्तमरावांनी आयुष्यात पहिल्यांदा लाज न वाटता सगळं ऐकलं. तिसऱ्या बाकावरच्या मुलाला भूक लागली होती. दारापाशी कुणाचं तरी लग्न जवळपास जमलं होतं.

"सेमिनार मान्य," सर म्हणाले. "पंचवीसपैकी तेवीस. दोन कापले, कारण वर्गाला आधी पायही दाखवला."

मग पट्टी सरळ करण्याच्या निमित्ताने ते मागून वाकले आणि अगदी हळू विचारू लागले, "आजोबा, एरवी मुलं माझ्याबद्दल काय..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत डावा कान त्यांच्याकडे वळला. सर पट्टीकडे बघायलाच विसरले, म्हणून तो आकडा वर्षालीने लिहिला. तीन मिलिमीटर, त्या दिवसातला सर्वांत मोठा.