हात पाहणारा डोळा

अशी कल्पना करा मुलांनो, की तुम्ही पुस्तकं बांधायच्या कारखान्यात उभे आहात. समोर कागद कापायचं मोठं यंत्र आहे. पातं खाली आलं की वीतभर उंच गठ्ठा लोण्यासारखा कापला जातो. पात्याच्या दोन्ही बाजूंना एकेक इवलासा डोळा बसवलाय. मधे हात आला, की पातं जागच्या जागी थांबतं.

हे यंत्र भिंगरीची आई चालवायची. यंत्राला हुकूम सोडणारा जुनापुराणा कॉम्प्युटर मात्र जळून गेला, आणि तसला आता कुठे मिळेना. म्हणून मामाने नव्या कॉम्प्युटरवर इम्युलेटर चढवला. म्हणजे जुन्या कॉम्प्युटरचं हुबेहूब सोंग घेणारा प्रोग्रॅम. तो लिहिताना भिंगरी मामाच्या शेजारी बसायची. त्यातल्या काही ओळी तिच्याच होत्या.

कुठल्या कुठल्या भागांचं सोंग घ्यायचं, ते इम्युलेटरला आधी सांगावं लागे. पडदा जमला, कीबोर्ड जमला, मोटरचं कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरमधली मोटर चालवणारी पट्टी, तीही जमली. डोळ्यांना काय दिसलं ते सांगणाऱ्या कार्डापाशी तो अडला. ‘हा भाग मला येत नाही’ असं लिहून बंद पडला. ती ओळ भिंगरीची.

कामं खोळंबली होती, गिऱ्हाईक खेटे घालत होतं. मामाने भिंगरीच्या ओळीच्या जागी दुसरी घातली: येत नसेल तो भाग सोड आणि गुमान पुढे जा. लगेच सगळं सुरू झालं. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली, ‘हात बाहेर आहेत’.

“हे कोण म्हणतंय?” भिंगरीने विचारलं.

“यंत्राचा जुना प्रोग्रॅम. तो विचारतो, मधे काही आहे का? इम्युलेटर सांगतो, नाही.”

“न बघताच?”

मामा हसला. एवढ्यातेवढ्यावर अडून बसलं तर जगात काही चालायचंच नाही, म्हणाला. आईनेही त्याचीच री ओढली. इतकी वर्षं यंत्र हाताळतेय, हात कुठे घालायचा नाही हे तिला का कळत नव्हतं? दीडशहाणपणा पुरे, ऊठ तिथून.

भिंगरी उठली. तिने मोटरची वायर भिंतीतून उपटली आणि पात्याखाली आपला हात कोपरापर्यंत घातला. (हे धाडस तुम्ही करायचं नाही. वायर काढूनसुद्धा नाही.)

“आई, आता वाच.”

पडद्यावर तीच हिरवी अक्षरं होती.

आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने पोरीला खसकन बाहेर ओढलं, पाठीत एक धपाटाही घातला. मग पडद्यावरची अक्षरं पुन्हा वाचली.

“ताई, अगं वायर काढली होती तिने,” मामा म्हणाला.

“लावलेली असती तरी त्याने हेच सांगितलं असतं.”

त्या कार्डाची नक्कल शिकवायला आठवडा तरी लागेल, तोवर काय, असं मामा पुटपुटला.  कोपऱ्यातला हाताने दाबायचा छोटा कटर आईने खेचून पुढे आणला आणि काम उशिरा मिळेल हे सांगायला गिऱ्हाइकाला फोन लावला.

भिंगरी पाठ चोळत खुर्चीत बसली. मामाला न विचारता तिने त्याची ओळ खोडली. आपली जुनी ओळही तिला आता मिळमिळीत वाटली. तिच्या जागी तिने लिहिलं: ‘हात पाहणारा डोळा मला येत नाही. तो येईपर्यंत मी सुरू होणार नाही. कुणीही सांगितलं तरी.’ मग इम्युलेटर पुन्हा चालवून तो अडतोय याची खात्री केली, आणि पहिला गठ्ठा उचलून आईकडे नेला.