बाहेर फक्त डोकं

आमच्या घरात वाईट बातमी द्यायची वेळ ठरलेली आहे. मी वाफेच्या तंबूत बसले की.

तंबू म्हणजे एक मोठी कापडी पिशवीच. आत घडीची खुर्ची, पायाशी वाफेची नळी आणि गळ्यापर्यंत चेन. बाहेर फक्त डोकं. मी दिवसभर कारखान्यात उभ्याने कापडाचे गठ्ठे कापते, संध्याकाळी गुडघे बोलायला लागतात. म्हणून ही वीस मिनिटं माझी. पण आत बसलेल्या बाईला उठून जाता येत नाही, भांडी आपटता येत नाहीत, हे घरच्यांनी बरोबर हेरलं. लेक नापास झाली ते मला तिथेच कळलं. सासूबाईंचा मुक्काम महिन्याने लांबला, तेही तिथेच.

काल नवरा स्टूल ओढून समोर बसला आणि स्वतःच्या रुमालाने माझं कपाळ पुसायला लागला. म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

"चिडू नकोस हं. तू फोन घरी विसरलीस ना, दुपारी मोठ्या ऑफिसातल्या मॅडमचा आला होता. नव्या कारखान्यात कटिंगची प्रमुख म्हणून तुला निवडलंय म्हणे. मी सांगून टाकलं, जमणार नाही."

घरी आल्याआल्या मी फोन पाहिला होता. मिस्ड कॉल नव्हता. असेल कसा? यांनी उचलला होता!

"कारण काय सांगितलंत?"

"खरं तेच. तिला उभं राहवत नाही, रोज वाफ घ्यावी लागते."

तळपायाची आग मस्तकात गेली. सतरा वर्षं मी कटिंगच्या टेबलापाशी उभी आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहता यावं म्हणून वाफ घेते, आणि हा माणूस तीच वाफ दाखवून मला घरी बसवतो!

"कारखाना लांब आहे, तुमचं जेवण उशिरा होईल, असं सांगायचं होतं! माझे गुडघे कशाला मध्ये घातलेत?"

"अगं, वीस मिनिटं होऊ देत, मग बोलू."

रोज चेन तोच उघडायचा. ती आतूनही उघडते हे इतक्या महिन्यांत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही नाही. काल मी हात घातला आणि सर्रकन खाली ओढली.

ओल्या हातानेच फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "दुसरं नाव लिहिलंय. यादी सहाला जाते. आता फोनवर कुणाचंच ऐकणार नाही. स्वतः येऊन सही करा."

साडेपाच झाले होते. ओल्या अंगावरच कपडे चढवले.

"वाफेतून उठून वाऱ्यावर जाऊ नये! गुडघे धरतील!" तो जिन्यापर्यंत मागे आला.

"धरू देत. माझे आहेत."

सहाला पाच कमी असताना मी मॅडमच्या टेबलासमोर होते, केसांतून पाणी गळत होतं. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे सरकवली. "बसा आधी."

"नको," मी म्हणाले, आणि उभ्यानेच सही केली.